म्युनिकचं लिनक्स आणि आईची फोल्डरं

२००३ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून म्युनिकच्या महापौरांना भेटायला धावले होते. शहर आपल्या सुमारे १४,००० कॉम्प्युटरांवर लिनक्स आणायचा विचार करत होतं. बामर भेटले, पण नगरसभेने लिनक्सच निवडलं. मुद्दा नुसता पैशांचा नव्हता. विंडोज एनटी ४चा सपोर्ट संपत होता, आणि कंपनी म्हणेल तेव्हा सगळं बदला, हे शहराला पटत नव्हतं.

लिनक्स टाकलं की झालं, असं आपल्याला वाटतं. खरी मारामारी झाली ती वर्डच्या नमुन्यांशी. प्रत्येक खात्याने वर्षानुवर्षं आपापले फॉर्म आणि मॅक्रो रचून ठेवलेले. त्यासाठी शहराने ‘वोलमक्स’ नावाचं साधन स्वतः लिहिलं आणि तेही जगाला खुलं केलं. सगळं पूर्ण व्हायला २०१३ उजाडलं.

मला यात एवढा रस का? माझी आई डीटीपी करायची. तिने टाइप केलेल्या शेकडो पानांची फोल्डरं माझ्याकडे आहेत, तेव्हाच्या एका विकतच्या मराठी फॉन्टमधली. आज फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते, कारण युनिकोडआधी ज्याचा त्याचा अक्षरांचा तक्ता वेगळा होता. आमचे गेले ते कथा-कवितांचे मजकूर. सरकारी कचेरीत त्याच जागी कुणाचा तरी फेरफार असतो, जन्मदाखला असतो. तो वाचता येणं कुठल्या तरी कंपनीच्या मर्जीवर का सोडायचं?

२०१७ मध्ये म्युनिकनेच विंडोजवर परतायचं ठरवलं. कर्मचारी वैतागले होते, बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नव्हत्या. (त्याआधीच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं जर्मन मुख्यालय शहरात आलं होतं. ज्याने त्याने काय तो अर्थ काढावा.) मला विचाराल तर दुखणं लिनक्सपेक्षा कारभाराचं जास्त होतं. आयटीची माणसं खात्याखात्यांत विखुरलेली, आणि प्रिंटर अडला तरी शिव्या पेंग्विनलाच.

२०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ३०,००० सरकारी कॉम्प्युटरांवर लिबरऑफिस आणायचं जाहीर केलं. विंडोज काढायचं काम त्यांनी पुढच्या टप्प्यावर ठेवलं. आधी कागदपत्रं खुल्या फॉरमॅटमध्ये आणायची. आईच्या फायली बघता मला हाच क्रम बरोबर वाटतो.