ट्रॅक वाजवा, पण बटण आपल्या हातात ठेवा

ओतूरकडून माळशेज घाटाकडे निघाले की मढ लागते. इथल्या वस्तीवर भीमजयंतीच्या रात्री आम्ही गातो. आमची गायन पार्टी लहान. दोन गायक, एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि कोरसला जमतील ते. ढोलकीवाला दादा कामधंद्यासाठी घाट उतरून कल्याणला गेला आणि आम्ही ट्रॅकवर गाऊ लागलो.

पहिल्या वर्षी ट्रॅक मोबाईलवरून लावला. महाडच्या सत्याग्रहाचे गाणे ऐन रंगात आले आणि फोन आला. रिंगटोन चारही स्पीकरमधून वस्तीभर वाजली. लोक हसले, आम्हीही हसलो.

दुसऱ्या वर्षी जे झाले त्यावर मात्र हसता आले नाही. या वेळी ट्रॅक पेनड्राइव्हमध्ये भरून साउंडवाल्याच्या मिक्सरला लावले होते. एक गाणे संपले. आमचा गायक मुलींच्या शिष्यवृत्तीबद्दल बोलू लागला. अर्ज कुठे भरायचा, कोणते दाखले लागतात, हे सांगत होता. समोर आया-बहिणी कान देऊन ऐकत होत्या. तेवढ्यात पेनड्राइव्हने आपणहून पुढचे गाणे सुरू केले. साउंडवाला चहाला गेलेला. मिक्सरपर्यंत कुणी पोहोचेपर्यंत बोलणे वाहून गेले. गायकाने नाइलाजाने गाणे धरले. शिष्यवृत्तीचा विषय त्या रात्री परत निघालाच नाही.

त्या रात्री आम्हाला कळले, कोणत्या यंत्राचा आवाज चांगला हा प्रश्नच दुय्यम आहे. आपला माणूस बोलायला लागला की यंत्र गप्प बसते का, हा खरा प्रश्न आहे.

भावांनो, बहिणींनो, आंबेडकरी जलसा आठवा. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपल्याकडे गाणे आणि सांगणे वेगळे नव्हते. शाहीर कडव्यावर थांबतो, समोरच्याला प्रश्न विचारतो, कालची घटना सांगतो. ढोलकीवाला हात हलका ठेवून वाट पाहतो. शाहिराने मान हलवली की ठेका पुन्हा उभा राहतो. ही वाट पाहणे हेच आपल्या गाण्याचे हत्यार आहे. ट्रॅक वाट पाहत नाही. म्हणून त्याला थांबवणारा माणूस लागतो.

आता यंत्राचे बोलू. रोजचा मोबाईल नको. फ्लाइट मोडवर टाकायला कुणी ना कुणी विसरतोच. ब्लूटूथ तर मुळीच नको. गर्दीत जोडणी तुटते आणि गायक उघडा पडतो. पेनड्राइव्ह स्वस्त आहे, पण बऱ्याच मिक्सरवर गाण्याचे पूर्ण नाव दिसत नाही, क्रम उलटसुलट होतो आणि एकामागून एक गाणी आपोआप सुरू होतात. लॅपटॉप उत्तम. यादी समोर दिसते आणि एका बटणावर गाणे थांबते. पण तो महाग, आणि मंडळाचा लॅपटॉप किती वस्त्यांवर आहे?

आम्ही शेवटी घरात पडून असलेला जुना मोबाईल घेतला. सिम काढले, वायफाय आणि ब्लूटूथ बंद केले, ट्रॅक सोडून सगळे पुसून टाकले. एक गाणे संपले की थांबायचे, अशी सेटिंग केली. बॅटरी आधीच पूर्ण भरतो, कारण चार्जर लावून वाजवले की स्पीकरमधून घरघर येते. तसाच दुसरा मोबाईल, तेच ट्रॅक भरून, शेजारी तयार ठेवतो. केबल डावा-उजवा अशा दोन पिनांची घ्या आणि मिक्सरच्या दोन चॅनेलला लावा. एकाच चॅनेलमध्ये खुपसली तर कधी कधी मधला आवाज कापला जातो आणि नेमकी ढोलकीच गायब होते.

पट्टीचेही पाहा. बाजारात मिळणारा ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो. आपल्या मुली त्याच पट्टीत का ओरडतील? मोबाईलवरच्या अ‍ॅपने पट्टी वर-खाली करता येते. पण दोन-तीन स्वरांपेक्षा जास्त सरकवली की वाद्ये खोटी वाटू लागतात.

आणि बटण? ते साउंडवाल्याकडे नाही, मंचावर आपल्याच माणसाकडे. आमच्याकडे ते अकरावीत शिकणारी एक मुलगी सांभाळते. तिला सगळी गाणी पाठ आहेत. गायकाने हात वर केला की ती ट्रॅक थांबवते. आता शिष्यवृत्तीचे बोलणे पूर्ण होते.

काही जण विचारतात, ट्रॅक आहे तर ढोलकी कशाला? हा प्रश्न ऐकून आम्हाला चीड येते. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात आपल्या माणसांना गावच्या मिरवणुकीपुढे वेठीने वाजवावे लागे. आपण गावकीची कामे सोडली. 1958 च्या कायद्याने महार वतनही गेले. पण आपण सोडली ती वेठ, वाद्य नाही. तीच बोटे चळवळीसाठी स्वतःच्या मर्जीने वाजू लागली. त्या बोटांची जागा फुकट डाउनलोड केलेल्या ट्रॅकला देणे म्हणजे आपणच आपला कलावंत बेकार करणे.

शिवाय वीज गेली की ट्रॅक मुका. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला परवानगी नसेल तरीही तो मुका. ढोलकीला ना वीज लागते, ना मिक्सर.

म्हणून आम्ही एक ठरवले. दादा सुट्टीला आला की त्याच्याकडून आमच्याच गाण्यांची ढोलकी आमच्याच पट्टीत रेकॉर्ड करून घेतो. त्याचे मानधन जयंतीच्या वर्गणीतून, सजावटीच्या आधी. ट्रॅक त्याचाच असला तरी कार्यक्रमात त्याचे नाव घेतो. आणि तो स्वतः हजर असला की मोबाईल पिशवीत जातो.

यंदा जयंतीची बैठक बसेल तेव्हा डीजेच्या भाड्याआधी हे तीन प्रश्न विचारा. आपला ढोलकीवाला कुठे आहे? ट्रॅक कुणाचा आहे? आणि थांबवायचे बटण कुणाच्या हातात आहे?

जय भीम!