अकरा दिवस उघडा दरवाजा

रात्रीचे सव्वादोन. पोस्टग्रेस १३ वरून १६ वर न्यायचं काम माझ्याकडे होतं. डेटा विनातक्रार पोचला होता. पीजी-अपग्रेड टेबलं, युजर, पासवर्ड सगळं नेतं. नेत नाही ती दारावरची यादी: कोण, कुठून, कुठल्या डेटाबेसमध्ये, कसली ओळख दाखवून येणार. ती पीजी-एचबीए फाइलीत असते आणि आपली आपण न्यायची असते.

मी नेली नाही. जुनी फाइल गबाळी वाटली (होतीच). नव्या फाइलीत एकच ओळ लिहिली, शेवटी स्क्रॅम-शा-२५६. ॲप सुरू केलं तर लॉगिन फेल. पासवर्ड तोच, तरी फेल.

आता कारण सांगता येतं. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड आपोआप स्क्रॅमने साठवले जातात. आमचे मात्र एमडी५ने साठवलेले, आणि अपग्रेडमध्ये ते तसेच आले. एमडी५ हॅशवरून स्क्रॅमची तपासणी होत नाही. यादीत एमडी५ लिहिलं असतं, तर जुने-नवे दोन्ही पासवर्ड चालले असते. जुन्या गबाळ्या फाइलीत नेमकं तेच होतं.

पण सव्वादोनला साइट बंद असताना कोण वाचत बसतं? मी स्क्रॅम खोडून 'ट्रस्ट' लिहिलं. रीलोड. ॲप चालू. सकाळी बदलू म्हणून झोपलो.

अकराव्या दिवशी आमच्या इंटर्नचा फोन आला. "दादा, मी चुकून भलताच पासवर्ड टाकला, तरी आत गेले. असं असतं का?"

पोटात गोळा आला. ट्रस्ट म्हणजे पासवर्ड विचारूच नको. आणि त्या ओळीत मी युजर 'ऑल' लिहिला होता, पत्त्यात ऑफिसचं अख्खं नेटवर्क. म्हणजे सुपरयुजरसुद्धा.

टीम लीडला लगेच सांगितलं. ती ओरडली नाही. आधी ओळ एमडी५ केली, मग एकेक पासवर्ड नव्याने सेट केला आणि शेवटी स्क्रॅम लावलं. तासाभराचं काम. मग तिने विचारलं, "या अकरा दिवसांत कोण कोण आत आलं?"

कनेक्शनची नोंद ठेवणारी सेटिंग मुळात बंद असते. जुन्या सर्व्हरवर आम्ही ती चालू केली होती. ती दुसऱ्या कॉन्फिग फाइलीत होती, आणि तीही मी नेली नव्हती.

क्लायंटला मेल तिने लिहिला. "कोणी आलं होतं का, हे आम्ही सांगू शकत नाही" हे वाक्य तिने मला टाईप करायला लावलं.