दादांच्या पेढीवरील जुना संगणक

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर एखादा जुना संगणक अजून चालू असेल. नवा घेण्याची ऐपत नसते असे नाही. पण जुन्यावर वर्षानुवर्षांची खतावणी असते, हाताला सवय झालेली असते. माझे थोरले बंधू सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतात. त्यांच्याकडे २००६ साली घेतलेला, विंडोज एक्सपीवर चालणारा असाच एक संगणक होता. हिशेबाचा प्रोग्रॅम त्याहूनही जुना, डॉसच्या काळातला. सौद्याच्या दिवशी शेतकरी पट्टीसाठी ताटकळत आणि पडद्यावरचा बाण जागचा हलत नसे. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा दादा म्हणाले, ‘‘बँकेत इतकी वर्षे यंत्रे सांभाळलीस, आता आमच्याकडेही बघ जरा.’’

एक्सपी २००१ साली बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे थांबविले. म्हणून मी प्रथम इंटरनेटची तार काढली. त्यानंतर माझे लक्ष रजिस्ट्रीकडे वळले.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मोठी खतावणीच. कोणता प्रोग्रॅम कोठे आहे, सुरू होताना काय काय उघडायचे, कशासाठी किती वेळ थांबायचे, हे सारे तीत नोंदलेले असते. तिचा एक विभाग संपूर्ण यंत्रासाठी, मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकासारखा. दुसरा त्या त्या वापरणाऱ्यासाठी, काउंटरवरील लिपिकाच्या खणासारखा. ‘रेजएडिट’ लिहून ती उघडता येते. तीत केलेला बदल तत्काळ नोंदला जातो. ‘जतन करू का?’ असे कोणी विचारीत नाही. हे मला ठाऊक होते. म्हणून बदल करावयाचा भाग मी आधी वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवला. बँकेतली सवय.

पहिला बदल निरुपद्रवी होता. ‘मेनू शो डिले’ नावाची एक नोंद असते. मेनूतील उपयादी उघडण्यापूर्वी यंत्राने किती थांबावे, हे ती सांगते. मूळ आकडा ४०० मिलिसेकंद. मी तो ५० केला. लॉग ऑफ करून पुन्हा आत आलो आणि याद्या टपाटप उघडू लागल्या. यंत्राचा वेग खरे तर कणभरही वाढला नव्हता, फक्त मुद्दाम ठेवलेले थांबणे कमी झाले होते. पण मला तरुण झाल्यासारखे वाटले. मग ‘रन’ या नोंदीखालचे, सुरू होताना आपोआप उघडणारे सहा-सात अनावश्यक प्रोग्रॅम वगळले. याचा लाभ मात्र खरा होता. सकाळची दोन-तीन मिनिटे वाचली.

येथेच थांबावयास हवे होते. पण संगणक बंद होण्यासही वेळ लागे. एखादा प्रोग्रॅम उघडा राहिला असेल तर विंडोज त्याला वीस सेकंदांची मुदत देते आणि मग वापरणाऱ्यास विचारते. मी वीस हजार मिलिसेकंदांचे एक हजार केले आणि ‘ऑटो एंड टास्क्स’ या नोंदीत शून्याच्या जागी एक लिहिला. म्हणजे विचारणे नको, सरळ बंद करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबाचा प्रोग्रॅम उघडला तो सूची बिघडल्याचे सांगत. आदल्या दिवशीच्या सतरा पट्ट्या दिसेनात. दादांचा संताप दिवाणजींवर निघाला. ‘‘प्रोग्रॅम नीट बंद न करताच बटण दाबले असणार.’’ दिवाणजींचा उभा जन्म पेढीवर गेलेला. ते एवढेच म्हणाले, ‘‘शेठजी, रोज तो विचारायचा. काल विचारलंच नाही.’’

मला त्याच क्षणी उलगडले. दिवाणजी रोज संगणक बंद करू जात, हिशेब उघडा असल्याचा इशारा पडद्यावर येई, मग ते मागे फिरून प्रोग्रॅम रीतसर मिटीत. त्यांची सारी पद्धत त्या एका प्रश्नावर उभी होती, आणि तो प्रश्न मी काढून टाकला होता.

मी बोललो नाही. पुतण्या शेजारी उभा होता, त्याच्या नजरेत काका म्हणजे संगणकाचे जाणकार. तसाच घरी आलो. बँकेत असताना दुसऱ्याच्या चुकीच्या नोंदीवर मी किती जणांकडून लेखी खुलासे मागितले असतील! रात्री जेवण गेले नाही. सकाळी पेढी उघडताच दिवाणजींसमोरच दादांना सांगितले, की चूक माझी आहे. दादा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. ‘‘काल का नाही बोललास?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दिवाणजींनी मात्र निमूटपणे कच्ची वही माझ्यापुढे सरकवली. सतराही पट्ट्या तीत पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या. ते वाचून दाखवीत होते आणि मी भरीत होतो. तोलाई, हमाली, अडत, सारे दुपारपर्यंत जुळले.

उतरवून ठेवलेल्या फाइलीतून मी त्या दोन्ही नोंदी पूर्ववत केल्या. यंत्राचे खरे दुखणे नंतर कळले, आणि ते रजिस्ट्रीत नव्हतेच. स्मृती केवळ २५६ मेगाबाइट होती. ती अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्कवरील राखीव फाइलीचा आधार घेते, आणि डिस्क स्मृतीच्या मानाने फारच मंद. डबीवरचा लाल दिवा सारखा लुकलुकत असे तो यामुळे. मी तो पाहत होतो, पण वाचत नव्हतो. जुन्या बाजारातून जुळणारी पट्टी आणून १ गिगाबाइट केली आणि काम झाले. रजिस्ट्री स्वच्छ करण्याचे जे प्रोग्रॅम मिळतात, त्यांच्या वाटेला मी गेलो नाही. लाखो नोंदींतून काहीशे वगळून वेग वाढत नाही.

दिवाणजी अजूनही हिशेब उघडा ठेवूनच बंद करण्याचे बटण दाबतात, विचारणा येते आणि ते मागे फिरतात. मेनूचा आकडा मी ५० वरच ठेवला आहे. दादांना त्यात काही फरक जाणवत नाही.