उपासना मोबाईलवर, मंडळी घरोघर

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू होता. नगरच्या आमच्या मंडळीची उपासना त्या दिवशी झाली नाही. तीन दिवसांनी लॉकडाऊन लागला आणि पुन्हा कधी जमायचं, हे सांगणारं कुणी उरलं नाही. दिवस लेंटचे. पुढे ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० ला उत्तम शुक्रवार आणि १२ ला ईस्टर. नाताळ सोडला तर आमचं चर्च सगळ्यात जास्त गजबजतं ते याच आठ दिवसांत. मुलांची झावळ्यांची फेरी, शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांचं बोलणं, आणि ईस्टरच्या पहाटे टाळ-ढोलकी घेऊन कबरस्तानापर्यंत प्रभातफेरी. यातलं काहीच होणार नव्हतं.

मी मंडळीत पेटी वाजवते, पंचकमिटीतही आहे. म्हणून ऑनलाइन उपासनेचं काम पाळकसाहेबांनी तरुण संघातल्या दोघांवर आणि माझ्यावर सोपवलं.

तरुणांचं म्हणणं, यूट्यूबवर थेट दाखवू. पण मोबाईलवरून थेट प्रक्षेपण करायला तेव्हा चॅनलचे हजार सबस्क्रायबर लागत. आमची मंडळी पोराबाळांसकट मोजली तरी हजार भरत नाही. पाळकसाहेबांचा बंगला चर्चच्या आवारातच आहे. म्हणून त्यांच्या मुलीने शनिवारी उपासना मोबाईलवर चित्रित केली आणि रविवारी सकाळी ती चॅनलवर टाकली. लोकांनी पाहिली, व्हॉट्सअॅपवर आभाराचे निरोप आले. दुपारी भगिनी मंडळातल्या एका मावशींचा फोन आला. सलाम झाला, आणि त्या म्हणाल्या, “बाई, सगळं नीट दिसलं गं. पण माझ्या नातवासाठी प्रार्थना कोण मागणार?”

आमच्याकडे संदेशाच्या आधी प्रार्थनेचे विषय घेतात. कुणी उठून सांगतं, लेकीचं ऑपरेशन आहे. कुणाच्या मुलाची पुण्यातली नोकरी गेलेली असते. कुणाला नुसते देवाचे आभार मानायचे असतात. मग दुसरा कुणीतरी उभा राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. व्हिडिओत पाळकसाहेब होते, मंडळी नव्हती. संदेश काय, कुठेही ऐकायला मिळतो. रविवारची उपासना मात्र तुमच्या नातवाचं नाव माहीत असलेल्या माणसांबरोबर करायची असते, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. मावशींच्या त्या फोनमुळे कमिटीने निर्णय घेतला: दाखवायचं नाही, बोलवायचं. आम्ही झूमवर आलो.

फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा. एकदा आशीर्वचनाच्या मधेच कॉल बंद झाला. तेव्हापासून उपासनेचे दोन भाग केले: आधी भजन, शास्त्रवाचन आणि प्रार्थनेचे विषय, मग त्याच लिंकवर परत येऊन संदेश आणि आशीर्वचन. १६ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली आणि लोक घाबरले. पासवर्ड लावून काही आठवडे काढले. मे महिन्यात गूगल मीट सगळ्यांना मोफत झालं तेव्हा तिकडे गेलो.

खरं दमवलं ते गाण्याने. आमची उपासना भजनांवर उभी आहे. ना. वा. टिळकांची कितीतरी वर्षं नगरात गेली, आणि आमच्या ‘उपासना संगीत’ या भजनांच्या पुस्तकातली त्यांची भजनं इथल्या म्हाताऱ्यांना पुस्तक न उघडता येतात. पेटी, तबला, टाळ, आणि एका दमात उठणारा बायका-पुरुषांचा आवाज. कॉलवर हे होत नाही. प्रत्येकाचा आवाज पोहोचायला जरासा उशीर होतो आणि प्रत्येकाचा उशीर निराळा. पहिल्या भजनाला सगळे एकदम गायले आणि ध्रुवपदापर्यंत टाळ एका मात्रेवर, तबला दुसऱ्या. त्यात अॅप मागचा गोंगाट आपोआप काढून टाकतं. पेटीचा सूर लांबला की त्याला तो गोंगाटच वाटे आणि सूर मधेच नाहीसा होई. झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय आहे, ती सापडल्यावर पेटी निदान ऐकू जाऊ लागली. मग ठरलं: बाकी सगळ्यांचे माइक बंद, माझ्या घरून पेटी आणि एक आवाज, इतरांनी आपापल्या घरी गायचं.

वाजवणाऱ्याला हे फार जड जातं. ध्रुवपद पुरुष उचलतात तिथे मी सवयीने थांबत असे, आणि तिथे काहीच ऐकू येत नसे.

ईस्टरसाठी मी पेटीवर चाल वाजवून सगळ्यांना पाठवली. ज्याने त्याने ती एका फोनवर इयरफोनने ऐकायची आणि दुसऱ्या फोनवर आपलं गाणं रेकॉर्ड करून द्यायचं. तरुण संघातल्या मुलाने ते सगळे आवाज रात्रभर लॅपटॉपवर जुळवले. १२ एप्रिलच्या पहाटे ते कॉलवर लावलं तेव्हा लोक दारात, गॅलरीत येऊन गायले. आमच्या गल्लीत मंडळीतलीच आणखी घरं आहेत. त्यांचा आवाज मला फोनमधून नव्हे, खिडकीतून आला.

साधा फोन असणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तरुणांनी गट केले. एकेका मुलाने चार-पाच जणांना कॉन्फरन्सवर घ्यायचं आणि तो फोन लॅपटॉपच्या स्पीकरपाशी ठेवायचा. आमचे एक निवृत्त गुरुजी लकव्यामुळे कैक वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. पाळकसाहेब महिन्याकाठी घरी जाऊन त्यांच्याबरोबर प्रार्थना करत, पण उपासनेला ते नसत. एका रविवारी प्रार्थनेला त्यांचं नाव पुकारलं. जीभ जड, शब्द तुटक, पण गुरुजींनी साऱ्या मंडळीसाठी, घरोघरची नावं घेऊन प्रार्थना केली. करोना नसता तर ती आमच्या कानावर कधी आलीच नसती.

प्रभुभोजन मात्र कॉलवर झालं नाही. ज्याने त्याने घरी भाकर आणि प्याला घेऊन बसावं, असं काहींना वाटत होतं. पाळकसाहेबांनी थांबायचं ठरवलं. मला ते पटलं. एका भाकरीतून घ्यायचं तर माणसं एका ठिकाणी हवीत. १६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळं उघडली आणि त्यानंतर अंतर राखून आम्ही ते घेतलं.

२०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला चर्चमध्ये झाला आणि दुसऱ्याच दिवशी दारं पुन्हा बंद झाली. ती दुसरी लाट. दफनविधीला वीसच माणसं. काही घरांत तर मूठमाती द्यायला मुलगाच नसे, तोही कुठेतरी विलगीकरणात. तरुण संघातला एक जण कबरीपाशी फोन धरून उभा राहायचा. मी घरून पेटीशिवाय भजन म्हणायचे, पाळकसाहेब मास्कमधून शास्त्र वाचायचे. विधी संपल्यावर कुणी कॉल सोडत नसे. त्या घरातल्या माणसांशी एकेक जण बोलायचा, कुणी डबा कधी पोहोचवायचा ते ठरायचं. त्या महिन्यांत हा कॉल नसता तर आमची कितीतरी माणसं एकटीच रडली असती.

७ ऑक्टोबर २०२१ ला प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा कमिटीत विषय निघाला की आता ही ऑनलाइन उपासना बंद करावी, नाहीतर लोक घरीच बसतील. काळजी खोटी नव्हती. धडधाकट माणसाने घरी बसून उपासना ऐकावी असं मलाही वाटत नाही. पण गुरुजींना पुन्हा तोडायला मी तयार नव्हते. शेवटी चॅनल बंद केलं आणि फोनवरचा कॉल चालू ठेवला. तो फोन आता पेटीशेजारच्या स्टँडवर असतो, जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी, आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांचीही नावं पुकारली जातात.

हे कुठल्याही मंडळीला जमेल. एक फोन, एक स्टँड आणि माणसांची नावं ठाऊक असलेला एक पोरगा एवढंच लागतं. आपलं मंडळीचं रजिस्टर काढा, वर्षभर न दिसलेली नावं बघा आणि येत्या शनिवारी त्यांना फोन करा.