पानाची पाठ

झाडाचे पान पाहावयाचे म्हणजे आपण त्याची वरची बाजू पाहतो. कोवळी तकाकी, हिरवा रंग, त्यावरचे दवबिंदू, सारे वरचेच. पानाचा खरा संसार मात्र पुष्कळदा पाठीमागे चाललेला असतो, हे आम्हांस कॉफीच्या पानाने शिकविले. आम्ही बेळगावचे, सकाळी चहा व दुपारी कॉफी हा आमच्या घरचा जुना रिवाज. त्यामुळे कॉफीच्या बियांशी आमची ओळख लहानपणापासूनची, पण पानाशी ती फार उशिरा झाली.

या पानाने एका बेटाचे भाग्य पालटले. 1869 साली सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांत पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसू लागली. तिचे नमुने इंग्लंडला गेले. तेथे बर्कली नामक पाद्री व त्यांचे सहकारी ब्रूम यांनी ही एक बुरशी असल्याचे ओळखून तिला ‘हेमिलिया व्हास्टॅट्रिक्स’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ‘अर्धी गुळगुळीत, उजाड करणारी’. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तिचा बीजाणू संत्र्याच्या फोडीसारखा दिसतो. पाठ काटेरी आणि पोट गुळगुळीत. आमच्याकडचे शेतकरी गव्हावरच्या ज्या रोगाला तांबेरा म्हणतात, त्याचीच ही भाऊबंद.

मळेवाल्यांना नावाचे काय? त्यांना उपाय हवा होता. 1880 साली हॅरी मार्शल वॉर्ड हा पंचविशी नुकताच ओलांडलेला तरुण शास्त्रज्ञ सिलोनला धाडण्यात आला. चिकट लेप दिलेल्या काचेच्या पट्ट्या वाऱ्यात ठेवून त्याने बीजाणू हवेतून येतात हे दाखविले. पान ओले असले की बीजाणूला अंकुर फुटतो, तो पानाच्या पाठीवरील पर्णरंध्रांतून आत शिरतो, आतल्या आत पसरतो आणि पुन्हा त्याच रंध्रांतून बीजाणूंचे झुबके बाहेर काढतो. कॉफीच्या पानाला रंध्रे असतात ती पाठीलाच. ज्या दारांनी झाड श्वास घ्यावयाचे, त्याच दारांनी वैरी आत येतो. पान गळते, आणि पानेच नाहीत तर फळ कोठून पोसावे?

वॉर्डने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती कोणालाच आवडण्यासारखी नव्हती. मैलोगणती एकाच जातीची झाडे लावल्यामुळे बुरशीला अखंड पंगत मांडून दिल्यासारखे झाले होते. खात्रीचा इलाज त्याच्यापाशी नव्हता, आणि तसे सांगण्यास तो कचरला नाही. 1882 साली तो परतला. पुढे सिलोनची कॉफी बुडाली व तिच्या जागी चहा आला. याच रोगामुळे इंग्रज चहा पिऊ लागले अशी एक गंमतीची कथा सांगतात. ती आम्हांस पटत नाही. इंग्रजांना चहाचा नाद त्याआधी शतकभर तरी होताच.

दक्षिण हिंदुस्थानातही हा रोग लवकरच पोहोचला. 1911 साली म्हैसूर संस्थानातील केंट नावाच्या मळेवाल्याने रोगाला न जुमानणारे एक झाड हेरले. त्याच्या बियांचा सर्वत्र प्रसार झाला, आणि काही वर्षांनी तीही झाडे आजारी पडू लागली. असे का व्हावे? 1925 साली बाळेहोन्नूर येथे कॉफीचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे मेन या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या जातींच्या पानांवर बुरशी लावून पाहिली आणि तिचे एकाहून अधिक वंश असल्याचे सिद्ध केले. एका वंशाला नमविणारे झाड दुसऱ्यापुढे हतबल होते! याच केंद्रातून 1946 च्या सुमारास ‘एस. 795’ हा वाण बाहेर पडला. त्याच्या एका पूर्वजात लिबेरिका या वेगळ्या जातीचे रक्त होते.

चिकमगळूर जिल्ह्यात आमच्या एका स्नेह्यांचा चार एकरांचा मळा आहे. झाडे याच वाणाची, त्यांच्या वडिलांनी लावलेली. एकदा पावसाळा सरताना आम्ही तेथे गेलो असता त्यांनी एक पान उलटे करून आमच्या हाती दिले. बोटाला हळद लागावी तशी नारिंगी भुकटी लागली. ते म्हणाले, “मास्तर, ही झाडे वडिलांच्या हातची. ठेवू की काढू, तुम्हीच सांगा.” आम्ही शाळेत शिकविणारी माणसे, आम्ही काय सांगणार? पण चार एकरांवर ज्याचे घर चालते, त्याला मौनाने उत्तर देणेही बरे नव्हे. रात्री पुष्कळ बोलणे झाले. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण ते पावसाआधी व पावसानंतर फवारीत, परंतु वरून. पाठ कोरडीच राही. शेवटी त्यांनी निम्मी झाडे ठेवून त्यांवर खालून फवारा मारावयाचा, व निम्म्या जागेत 2007 साली निघालेला ‘चंद्रगिरी’ वाण लावावयाचा, असे ठरविले. वडिलांची झाडे काढताना त्यांनी ते काम मजुरांवर सोपविले नाही, स्वतः केले.

या चंद्रगिरीचे मूळ पाहू जाता आम्ही थेट टिमोर बेटावर पोहोचलो. गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अंमलाखाली असलेल्या त्या बेटावर अरेबिका व रोबस्टा यांचा निसर्गतःच संकर झाला होता, आणि त्या झाडाच्या पानांवर तांबेरा टिकत नव्हता. 1955 साली पोर्तुगालमध्ये ओइराश येथे केवळ या रोगाच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघाले. देशोदेशींचे बीजाणू तेथे आणून पानांवर लावून पाहतात. जागाही हेतुपूर्वकच निवडलेली: पोर्तुगालमध्ये कॉफीचे मळे नाहीत, तेव्हा एखादा बीजाणू खिडकीतून निसटला तरी त्याला बाहेर बसावयास पान मिळत नाही. 1970 साली रोग ब्राझीलला पोहोचला तेव्हा तेथे उपयोगी पडली ती याच टिमोरी झाडाची संतती. बुरशीचे नवे वंश मात्र निघतच आहेत, आणि त्या काचघरांत पाने उलटी करून पाहण्याचे काम चालूच आहे.