नळदुर्गचा गब्बर

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' पाहिलात? २०२५ साली थिएटरात आलेला रीमा कागतीचा सिनेमा. मालेगावच्या नासिर शेखनं २००० साली स्वस्तात 'मालेगाव के शोले' केला, त्याची ही धमाल गोष्ट. मूळ 'शोले' काऊबॉयपटांवर पोसलेला, म्हणजे घोडे हवेतच. मालेगावात परवडणार कुठून? डाकू आले सायकलवर!

पोट धरून हसलो. मग त्यातला शफीक आजारी पडतो आणि रुसलेले दोस्त त्याला सुपरमॅन करायला पुन्हा जमतात (स्पॉयलर, सॉरी!). तिथं मी गप्प झालो. कारण आमचाही एक 'शोले' आहे. अर्धवट राहिलेला.

शनिवारी पहाटे पुण्याहून गाडी काढली. सोलापूरला चहा, पुढे हैदराबाद हायवेनं तासाभरात नळदुर्ग. धाराशिव जिल्ह्यातला हा किल्ला तुमच्या वीकेंड लिस्टमध्ये नसेल, तर बॉस, लगेच टाका. बोरी नदीवर किल्ल्यातच घातलेला दगडी बांध आणि त्या बांधाच्या पोटात चक्क पाणीमहाल! काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. महालाच्या खिडकीत उभं राहायचं आणि पाण्याचा पडदा आतून बघायचा. एसी विसराल. उन्हाळ्यात मात्र काळा दगड, वाळकं गवत, रणरण. म्हणजे थेट रामगड.

दहावीच्या सुट्टीत आम्हीही तेच ठरवलं होतं. कॅमेरा लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका काकांचा, बंदुका दिवाळीतल्या टिकल्यांच्या. घोड्यांच्या जागी म्हशी, आणि म्हशी डायरेक्टरचं ऐकत नाहीत. मी जय. माझा जिगरी दोस्त गब्बर, कारण तसं हसायला तोच. फक्त जयचं मरण राहिलं. "दिवाळीत येऊन मरतो," म्हणून मी पुण्याला कॉलेजात आलो. मग नोकरी, ईएमआय... आधी फोन कमी झाले, मग नुसते वाढदिवसाचे मेसेज.

दरवाजाशी तो उभा होता. दाढी पिकलेली. मिठी वगैरे काही नाही. "आता तरी मर की लेका!" एवढंच.

बांधाजवळ सावली बघून आडवा झालो. वीरू सध्या दुबईत, त्यामुळे डोकं मांडीवर घ्यायला गब्बरच बसला. मोबाइल त्याच्या सातवीतल्या पोरीच्या हातात. दोन टेक वाया गेले. तिसऱ्याला ती वैतागून ओरडली, "काका, हसू नका, मेलायत तुम्ही! आणि बाबा, तुम्ही कशाला रडताय, तुम्ही गब्बर आहात ना?"