भीमाच्या तोंडचं ते वाक्य

अंबरनाथ पूर्व,
रविवार, रात्र

चि. मनू,


तालमीहून आलो आणि जेवण तसंच झाकून ठेवून लिहायला बसलो. तू विचारलंस ते साधंच होतं. पाऊण तासात ‘कीचकवध’ बसवायचंय, भीमाचं काय ठेवू नि काय कापू? पण भीमाच्या, म्हणजे बल्लवाच्या तोंडी तू ती बदलापूर स्टेशनावरची घोषणा घातलीस. कॅम्प चारच्या हॉलात पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी पाणी प्यायला उठलो. मुद्दाम उठलो, मनू.

खाडिलकरांनी हे नाटक आणलं 1907 साली. बंगालच्या फाळणीची जखम ताजी होती. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हा देश, सबुरी सांगणारा कंकभट्ट म्हणजे मवाळ आणि बल्लव म्हणजे जहाल, हे थेटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. आणि अख्ख्या नाटकात कर्झनचं नाव एकदाही नाही! विराटपर्वातली गोष्ट, जी आजीनं सगळ्यांना सांगितलेली. खाडिलकर नुसती जागा मोकळी सोडतात, नाव प्रेक्षक आपलं आपण भरतो. आपण भरलेलं नाव माणसाला दुसऱ्यानं सांगितलेल्यापेक्षा खरं वाटतं. सगळी ताकद तिथे आहे, बाळा, आवाज चढवण्यात नाही. तू तर जागाच बुजवून टाकलीस.

इंग्रज पत्रकार चिरोलच्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये (हो, टिळकांनी विलायतेत ज्याच्यावर खटला भरला तोच) या प्रयोगांचं वर्णन आहे. पुरुषांचे ताणलेले, आठ्या पडलेले चेहरे, सैरंध्रीची विनवणी ऐकताना बायकांचे डबडबलेले डोळे, आणि कीचक मरतो तेव्हा सभागृहातून उठणारा समाधानाचा खोल हुंकार. परक्याच्या कानालासुद्धा तो हुंकार कळला. 1909 च्या डिसेंबरात नाशिकच्या थेटरात ‘शारदा’ बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 1910 साली ‘कीचकवधा’वर बंदी आली. ‘शारदे’त राजकारण कुठलं? पण सरकारला आता थेटराचीच धास्ती बसली होती.

आता माझं म्हणणं ऐक, मध्ये बोलू नकोस. कीचक सैरंध्रीला छळतो ते आपल्या डोळ्यांदेखत. थेटरातला प्रत्येक जण साक्षीदार असतो, म्हणून त्या हुंकाराला अर्थ आहे. स्टेशनावर तसं नव्हतं. 20 ऑगस्ट 2024. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंबरनाथच्या पुढे गाडी नव्हती. मी फलाटावर डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तू तिकडे बदलापूरला रुळांवर. शाळेत ज्यांच्यावर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं त्या दोन चिमुरड्यांसाठी तू उतरलास, त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. त्या दिवशी ऐकून कोणाचं रक्त उसळलं नसेल? पण तुम्ही हजारो जण ऐकलेल्यावर उभे होतात, बघितलेलं कोणीच नव्हतं. ऐकलेलं खरं की खोटं, कोणी केलं, कोणी झाकलं, हे ठरवायला कोर्ट असतं. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीनं गेला, खटला चालायच्या आधी. तू मला पेढ्यांचा फोटो पाठवलास. मी उत्तर दिलं नाही. दोन रात्री झोप नव्हती, मनू, आणि काय लिहावं ते सुचत नव्हतं.

‘जुलियस सीझर’ तू बारावीत पाठ केला होतास. अँटनी कटवाल्यांना शेवटपर्यंत सज्जन म्हणतो, मृत्युपत्र दाखवतो पण लगेच वाचत नाही, झग्याचं एकेक भोक दाखवून हे कोणाच्या सुऱ्याचं ते सांगतो, जणू स्वतः तिथे उभा होता. त्यानंही जागा सोडली आणि लोकांनी भरली. तुम्ही टाळ्या घेता त्या भाषणाच्या. त्याच्या पुढचा प्रवेश कोणी करत नाही. सिना नावाचा कवी वाटेत सापडतो. कटात त्याच नावाचा दुसरा एक आहे. हा ओरडून सांगतो, मी तो नव्हे, मी कवी! जमावाला आता थांबता येत नाही. थेटरातून बाहेर पडलेला माणूस कोणाला सिना करील, हे तुझ्या हातात असणार आहे का? तुमचा प्रयोग व्हायचाय त्या बदलापूरच्या मंडपात तर ज्यांच्या घरावरून ते गेलं ती माणसंही खुर्च्यांवर असतील.

तेव्हा ते वाक्य काढ. आणि कापायचंच असेल तर भीमाचं काप, कंकभट्टाचं नको. आपल्या अण्णानं कामगार नाट्यस्पर्धेत कंक केला होता, तू कडेवर होतास. बायको पायाशी रडतेय आणि धर्मराज थांब म्हणतो, तेव्हा अण्णाच्या हाताची बोटं पंच्याच्या काठाशी नुसती चाळवत होती. पुढे भीम उठला की लोकांना काय वाटायचं ते त्या बोटांमुळे. तुझा कंक भित्रा म्हणून हशा घेतोय. त्याला माझ्याकडे पाठव, शनिवारी दुपारी मी घरीच आहे.

आणखी एक. रात्री तालीम संपल्यावर विठ्ठलवाडीपर्यंत रुळांवरून चालत जाता असं कळलं. ते बंद करा. आईला सांगितलेलं नाही अजून.

तुझा
काका